समुद्राकाठचं हरळीचं वावर

जालना स्टेशनवर मला पोचवायला दुकानातला रफिक आणि समोरचा बांगडीवाला असे दोघंच आले होते, आणि मी केरळात गोल्फची मैदानं पाहायला निघालोय हे दोघांनाही शेवटपर्यंत पटलं नाही. बांगडीवाल्याची खात्री होती की मला काहीतरी दुखणं आहे आणि मी ते घरच्यांपासून लपवून ऑपरेशनला चाललोय. गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतून माझा हात दाबला आणि डॉक्टर चांगला गाठा म्हणून बजावलं.

त्याचं तरी काय चुकलं? जुन्या जालन्यात माझं कापडाचं दुकान. गोल्फ हा खेळ मी तोवर फक्त टीव्हीवर, तोही क्रिकेट शोधताना, चुकून पाहिलेला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आमच्याकडे ब्रॉडगेज होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि दूरचा प्रवास म्हणजे माझ्यासाठी सुरतेला माल आणायला जाणं. पण भाचीच्या लग्नाचा प्रश्न आला की मामाला कुठंही जावं लागतं.

माझी भाची शोभा परतूरजवळच्या खेड्यात राहायची. तिला घनसावंगीकडचं एक स्थळ आलं होतं. दत्ता नाव. परभणीला शेतकीची पदवी घेतलेला, अंगानं काटक, बोलायला सरळ. दिवाळीत पोहे झाले, दोघांनी एकमेकांना पसंत केलं. अडचण एकच होती. हा पोरगा केरळात, समुद्राकाठच्या एका गोल्फ मैदानावर नोकरीला होता आणि तिथलं गवत सांभाळत होता.

शोभाचे वडील, म्हणजे माझे दाजी, इथंच अडले. आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी मुलाचं वावर (शेत) पाहतात. आणि वावर पाहावं तर दाजींनीच. बांधावरून एक फेरी मारतात, मधोमध उभे राहतात, खुरप्यानं वीतभर खणतात, माती तळहातावर चोळतात आणि मग हो किंवा नाही सांगतात. आमच्या भावकीतल्या कितीतरी मुली दाजींनी अशी माती चोळून दिल्या आहेत आणि त्यांचा अंदाज सहसा चुकलेला नाही. दत्ताची गावाकडची जमीन थोडी आणि तीही भावाकडे. लोक म्हणाले, नोकरी आहे ना, पगार विचारा. दाजी म्हणाले, "पगार कागदावर असतो. वावर दाखवा म्हणावं."

मला वाटलं विषय संपला. पण दत्तानं एसटीडी बूथवरून फोन केला आणि काका, या की, दाखवतो, असं शांतपणे सांगितलं. दाजींना आता माघार घेता येईना. सोबत म्हणून माझी निवड झाली, कारण मला हिंदी येते आणि मी काहीही खातो.

दाजी परतूरला गाडीत चढले. एका पिशवीत धपाटे आणि ठेचा, दुसरीत कपडे आणि कपड्यांत गुंडाळलेलं खुरपं. अक्का, म्हणजे माझी बहीण, शोभाची आई, खिडकीतून पिशव्या आत सरकवत होती. शोभा खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "मामा, आबाला तिथं टायमावर खाऊ घाला. उपाशी राह्यले की त्यांना सगळंच वाईट दिसतं." एवढंच बोलली. बाकीचं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, ते मलाच काय, डब्यातल्या कुणालाही वाचता आलं असतं.

सिकंदराबादला गाडी बदलली आणि त्यानंतरच्या प्रवासाबद्दल मी फार सांगत नाही, कारण बराचसा मी झोपेत केला. जाग आली तेव्हा खिडकीत नुसतं हिरवं होतं. नारळ, केळी, मधेच पाणी, पाण्यात बदकं, पुन्हा नारळ. मला तर कुणीतरी गठ्ठा सोडून हिरव्या साड्या अंगावर टाकाव्यात तसं झालं. दाजी मात्र कपाळाला आठ्या घालून बाहेर बघत होते. त्यांना बांध दिसत नव्हते. एकाचं कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं हे कळत नाही, मग हे लोक भांडतात तरी कशावरून, असं त्यांनी मला फार गंभीरपणे विचारलं.

एर्नाकुलमला दत्ता घ्यायला आला होता. पाया पडला, दोघांच्या पिशव्या उचलल्या. कपड्यांच्या पिशवीत त्याच्या हाताला काहीतरी टोचलं, त्यानं बाहेरूनच चाचपलं आणि त्याला कळलं. जरासा हसला आणि ती पिशवी जपून खांद्याला अडकवली. मला पोरगा तिथंच आवडून गेला.

त्यानं सुट्टी काढली होती आणि बेत असा केला होता की आधी दोन चांगली मैदानं दाखवायची आणि शेवटी स्वतःचं. म्हणजे काकांना तुलना करता येईल. पहिलं मैदान कोचीसमोरच्या एका बेटावर होतं आणि तिथं बोटीनं जायचं होतं. दाजी आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसले. एका हातानं त्यांनी फळी धरली होती आणि दुसऱ्या हातानं दत्ताचा दंड. बोट लागेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही आणि दत्तानंही हात हलवला नाही.

वाचकहो, तुम्हाला गोल्फमधलं ओ की ठो कळत नसलं तरी हे मैदान बघाच. तीन बाजूंना पाणी, पाण्याकडे झुकलेले नारळ, मधे जुन्या वाड्यासारखी एक लांबलचक इमारत आणि पायाखाली इतकं मऊ गवत की चपला काढून चालावंसं वाटतं. खेळणारे थोडे आणि सावकाश. चेंडू मारायचा, त्याच्यामागं चालत जायचं, पुन्हा मारायचा आणि शेवटी झेंडा लावलेल्या बिळात ढकलायचा. घाई कुणालाच नसते. समोरून मोठी जहाजं जातात आणि बगळे चेंडूला अजिबात भीत नाहीत.

तिथं एक म्हातारे गृहस्थ खेळत होते. फौजेत होते, त्यामुळे हिंदी छान. पुण्यात राहिलेले. दाजींनी त्यांना जमीन किती एकर म्हणून विचारलं, त्यांनी सांगितलं. मग दाजींनी विचारलं, यात पीक काय? गृहस्थ जरा विचारात पडले आणि म्हणाले, "नींद अच्छी आती है." दाजींना हे उत्तर पटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. गृहस्थांनी खूश होऊन काठी माझ्या हातात दिली. मी दोन्ही पाय रोवले, दम धरला आणि मारली. चेंडू जागचा हलला नाही, पण गवताचा एक भला मोठा ढलपा उडून दाजींच्या धोतरावर जाऊन बसला. दत्तानं तो उचलून परत जागेवर ठेवला आणि पायानं दाबला, जणू काही झालंच नाही.

शोभाचे शब्द लक्षात ठेवून मी दाजींच्या पोटाकडे लक्ष देत होतो. सकाळी पुट्टू (नळीत वाफवलेलं तांदळाचं पीठ आणि खोबरं) आणि कडला (काळ्या हरभऱ्याची उसळ) मिळाली. उसळीवर दाजी खूश. खोबरेल तेलातली भाजी आली तेव्हा मात्र त्यांनी ताट दूर सारलं, डोक्याला लावायचं ते पोटात कशाला, म्हणाले. मग मी धपाटे सोडले. दत्तानं एक मागून घेतला आणि ठेच्याला बोट लावून डोळे मिटून बसला. किती दिवसांनी, एवढंच म्हणाला.

दुसरं मैदान तिरुवनंतपुरमला, ऐन शहरात. राजांच्या वेळचं आहे म्हणतात. इथं समुद्र दिसत नाही, पण जुनी झाडं अशी की त्यांच्या सावलीत अख्खा बाजार भरावा. जमीन चढउताराची. बाहेर रिक्षा कर्कश वाजत असतात आणि आत फक्त पाखरं. दत्ता पहिल्यांदा केरळात आला तेव्हा इथंच काम शिकला. तिथले जुने कामगार त्याला पाहून धावत आले, एकानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला, दुसऱ्यानं आमच्यासाठी शहाळी आणली. त्यांच्याशी तो मल्याळी बोलत होता, फाडफाड. दाजी शहाळं हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. पोरगं ह्यांच्यातलंच होऊन गेलं की, असं पुटपुटले. मला ती स्तुती वाटली. ती स्तुती नव्हती, हे पुढे कळलं.

तिथून बसनं आम्ही दक्षिणेला दत्ताच्या मैदानावर गेलो. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे घडलं ते मैदानाच्या मालकांना आवडणारं नाही. पण जागा सांगतो तशी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कायल (समुद्राला लागून आत पसरलेलं पाणी) आणि दोहोंच्या मधल्या पट्टीवर हिरवंगार मैदान. पहाटे पोचलो तेव्हा गवतावर दव होतं आणि दोन माणसं लांब वेळूच्या काठ्यांनी ते झाडत होती. आमच्याकडे पावसासाठी डोळे लावून बसतात आणि इथं गवतावरचं पाणी झाडून टाकतात. मला गंमत वाटली. उन्हं आली तशी कायलीवरचं धुकं विरलं आणि पलीकडे कोळ्यांच्या होड्या दिसायला लागल्या. इतकी सुंदर सकाळ मी त्यानंतर पाहिलेली नाही, आणि तिचा पुढे कसा विचका होणार आहे हे मला माहीत नव्हतं.

मैदानाच्या कडेला काही बाया ओळीनं बसून निंदत होत्या. आपल्या कापसात बसतात तशाच, ओढणी डोक्याला बांधून, गप्पा मारत. दाजी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. भाषा एकाला दुसऱ्याची कळेना, पण तण कोणतं आणि ठेवायचं कोणतं हे हातानं चाललं होतं. मला हायसं वाटलं. दत्ता म्हणाला, दुपारी बाहेरगावचे मोठे पाहुणे खेळायला येऊन राह्यले, तयारी बघून येतो. मी त्याच्याबरोबर गेलो.

परत आलो तेव्हा दाजी बायांजवळ नव्हते. झेंड्याभोवती जो अगदी बारीक कापलेला गोल तुकडा असतो, ज्याला ग्रीन म्हणतात आणि ज्यावर कामगारसुद्धा बूट काढून जातात, त्याच्या मधोमध दाजी उकिडवे बसले होते. हातात खुरपं. शेजारी मातीचा ढीग आणि काशांचा (जमिनीखाली पसरणाऱ्या मुळांचा) गुंता. सुपाएवढा खड्डा झाला होता आणि ते अजून खणतच होते.

मी जवळ जाऊन काय करताय म्हणून विचारलं. ते वर न बघता म्हणाले, "हरळी हाय ही, वसंता. सगळी हरळीच हाय."

खरंच ती हरळी होती. आमच्या काळ्या रानात हरळी घुसली की पीक गेलंच समजा. उन्हाळाभर नांगरट करून माणसं तिच्या काशा वेचतात, एक कांडं राहिलं तरी पुन्हा रान धरते. दाजींचं अर्धं आयुष्य तिच्या मागं गेलेलं. आणि इथं तीच हरळी पाणी घालून, खत घालून, केसासारखी कापून ठेवलेली.

मैदानाचे व्यवस्थापक छोट्या गाडीतून आले. चांगले सभ्य गृहस्थ, पण खड्डा पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते इंग्रजीत बोलले, मला त्यातलं जेवढं कळलं ते असं, की पाहुणे यायच्या आत हे सपाट झालं नाही तर दत्तानं उद्यापासून यायची गरज नाही. आणि हा माणूस कोण, असं त्यांनी विचारलं.

दत्ताला सहज सांगता आलं असतं की ओळखीचे कुणी आहेत, चुकून आले. तो म्हणाला, हे माझ्या गावाकडचे वडीलधारे आहेत, माझं काम तपासायला मीच बोलावलं होतं, कुठं खणायचं ते सांगायचं राहिलं, चूक माझी. व्यवस्थापक निघून गेले.

दाजींनी खुरपं बाजूला ठेवलं. "हरळी दिसली अन् हात गेला," ते म्हणाले.

"न्हाई काका, बसा. दोघांनी मिळून करू, जल्दी होईल," दत्ता म्हणाला.

त्या मैदानाच्या कोपऱ्यात असंच गवत राखीव वाढवलेलं असतं. तिथून त्यानं मुळांसकट, वाळूसकट एक जाड तुकडा कापून आणला, पोळी उचलावी तसा दोन्ही हातांवर. खड्ड्याची कड सरळ केली, तळाशी वाळू दाबली, तुकडा बसवला, पुन्हा काढला, चिमूटभर वाळू घातली, पुन्हा बसवला. दाजी गुडघ्यावर बसून कडेच्या फटी बोटांनी बुजवत होते. एकेक कांडं आत दाबत होते. मग अचानक थांबले आणि हाताकडे बघून म्हणाले, "जिंदगीभर उपटली. आज लावून राह्यलो." दत्ता हसला, मग दाजीही हसले. मी तर केव्हाचा हसत होतो, पण मला कुणी काम सांगितलं नव्हतं, म्हणून लपवून हसत होतो.

झेंड्याचं बीळ दत्तानं दुसऱ्या टोकाला हलवलं, रोलर फिरवला, पाणी मारलं. दुपारी पाहुणे आले तेव्हा मी आणि दाजी नारळाच्या बुंध्यामागं उभे होतो. पहिला चेंडू ग्रीनवर पडला आणि नेमका आमच्या ठिगळाकडे घरंगळत निघाला. दाजींनी माझं मनगट धरलं. चेंडू ठिगळावर आला, न अडखळता, न वळता पलीकडे गेला आणि बिळाजवळ थांबला. खेळणाऱ्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही. दूर उभ्या दत्तानं टोपी काढून कपाळ पुसलं. दाजींनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर त्यांची बोटं उमटलेली होती.

संध्याकाळी दत्तानं त्याचं घर दाखवलं. कौलारू, दोन खोल्या, मागं विहीर. जेवायला मट्टा (जाड, तांबूस तांदूळ) आणि सांबार होतं. दाजी पोटभर जेवले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. स्टेशनवर दत्ता पुन्हा पाया पडला. काय ठरलं हे त्यानं विचारलं नाही आणि दाजींनी सांगितलं नाही. गाडी सुटल्यावर मी माझा राग आवरला, पण फार वेळ नाही. नांदेड मागं पडलं, काळी रानं आणि वेचणीला आलेला कापूस दिसायला लागला, तेव्हा मी स्पष्टच विचारलं. एवढं सगळं पाहून तुम्ही त्या पोराला शब्द का दिला नाही? त्यानं नोकरी पणाला लावली तुमच्यासाठी.

दाजींनी खुरप्याची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"हात गेल्ता म्हणलो ना तवा," ते म्हणाले, "ते खोटं हाय. हात म्या नेल्ता."

मला कळलं नाही.

"पोरगा बराबर हाय, हे मला बोटीतच समजलं. मंग म्हणलं वावरात तरी खोट निघंल. मुळी सडकी असंल, खाली पाणी तुंबलं असंल. काही निघालं की न्हाई म्हणता येतं. म्हून खणत गेलो. बिलकुल न्हाई निघालं, वसंता. मुळी पांढरीफेक, सुतासारखी." मग आवाज खाली गेला. "तो तिथला होऊन गेलाय. माझी लेक बी तिथली होईल. एवढ्या दूर तिला द्यायचं जीवावर आल्तं, दुसरं काही न्हाई."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि रागावलो म्हणून माझ्यासाठीही.

परतूरला गाडी थोडाच वेळ थांबते. अक्का आणि शोभा फलाटावर होत्या. दाजी उतरले. अक्कानं प्रवास कसा झाला विचारलं, शोभा वडिलांच्या पायांकडे बघत उभी राहिली. मी खिडकीत होतो म्हणून मला ऐकू आलं.

"घरामागं विहीर हाय," दाजी तिला म्हणाले. "समुद्र जवळ असून पाणी गोड हाय, म्या पिऊन पाह्यलं. माणसं बी चांगली हायत. लांब लई हाय. पर तू जा."

शोभानं पदर तोंडाला लावला. गाडी हलली, आणि मला शेवटचं दिसलं ते असं की ती वडिलांच्या हातातली पिशवी घेऊ पाहत होती आणि ते सोडत नव्हते.

मी एकटा जालन्याला आलो. बांगडीवाल्यानं ऑपरेशन कसं झालं विचारलं, मी बरं झालं म्हणून सांगितलं. लग्नसराईत दुकानात बस्ता (लग्नाचं कापड) बांधायला माणसं येतात. इतकी वर्षं मी पाहत आलोय, सगळी खरेदी झालेली असते, बायका उठून बाहेर गेलेल्या असतात आणि मुलीचा बाप मात्र बसून राहतो. उगाच आणखी एक साडी उघडायला सांगतो, घेत नाही, पुन्हा दुसरी मागतो. मी मनातून वैतागायचो. आता वैतागत नाही. असा कुणी बसून राहिला की रफिकला चहा सांगतो आणि वरच्या फळीवरचा आणखी एक गठ्ठा खाली काढतो.